आखूड काडतूस, लांब चेंबर : प्रस्तावना

.22 विंचेस्टर मॅग्नमसाठी बनवलेल्या रायफलीत .22 डब्ल्यूआरएफ हे मॅग्नमहून जुनं, आखूड आणि सौम्य काडतूस झाडता येतं. त्याच रायफलीत त्याहूनही आखूड, कितीतरी स्वस्त आणि जगभर मिळणारं .22 लाँग रायफल काडतूस मात्र झाडू नये. दोन्ही काडतुसं त्या रायफलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, शिरतात, दोन्हींच्या नावात .22 आहे, दोन्ही मॅग्नमपेक्षा दुबळी आहेत. तरी एक चालतं आणि दुसरं माणसाचा डोळा घेऊ शकतं. हे असं का, याचं उत्तर नीट समजलं तर बंदुकीच्या बाबतीतले निम्मे गैरसमज गळून पडतील, असं मला वाटतं. ही पुस्तिका त्याच उत्तरासाठी आहे. सोलापूर जिल्ह्यातले परवानाधारक, महाविद्यालयांतले एनसीसी कॅडेट आणि नेमबाजीकडे वळणारी मुलं-मुली हा तिचा वाचक. यांपैकी बहुतेकांनी .22 मॅग्नम रायफल हाताळलेली नसेल, कदाचित कधी हाताळणारही नाहीत. तरीही सुरुवात तिथूनच करायची आहे. ‘लहान काडतूस मोठ्या बंदुकीत चालतं’ हा समज नेमका कुठपर्यंत खरा आणि कुठून पुढे खोटा, हे या एका रायफलीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही.

ही तिन्ही काडतुसं रिमफायर आहेत, म्हणून आधी रिमफायर म्हणजे काय ते पाहू. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्यात दारू आणि तोंडाशी गोळी. रिमफायरच्या पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली कड असते. ही कड आतून पोकळ असते आणि ठिणगी पाडणारा मसाला त्या पोकळीत फिरवून बसवलेला असतो. चाप ओढला की पिन कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो आणि दारू भडकते. कड चेपली गेलीच पाहिजे म्हणून पितळ पातळ आणि मऊ ठेवावं लागतं. रिमफायरची सगळी मर्यादा या एका गोष्टीत आहे. पातळ पितळ स्वतःच्या बळावर दाब सोसत नाही. बार उडताच पुंगळी फुगते, चेंबरच्या पोलादी भिंतीला घट्ट चिकटते आणि पुढचा भार पोलाद उचलतं. भिंत अगदी लगत असेल तर पितळाला फारसं ताणावं लागत नाही. भिंत दूर असेल तर पुंगळी तिच्यापर्यंत पोचण्याआधीच फाटू शकते. सायकलच्या टायरला चीर पडली की ट्यूब नेमकी तिथूनच फुगून बाहेर येते, तसा हा प्रकार.

कडेचं दुसरंही एक काम आहे. काडतूस चेंबरमध्ये किती खोल जायचं ते कड ठरवते. पुंगळी आत सरकते, कड चेंबरच्या काठावर टेकते आणि तिथेच थांबते. म्हणून कडेच्या काडतुसात पुंगळीची लांबी थोडी कमी असली तरी बूड जागच्या जागी राहतं, पिन जिथे आपटायची तिथेच आपटते. आजच्या बहुतेक पिस्तुलांत बिनकडेची काडतुसं असतात आणि तिथे पुंगळीचं तोंडच चेंबरच्या टोकाला टेकलेलं असतं, त्यामुळे आखूड काडतुसाला आधारच उरत नाही. म्हणजे ‘आखूड चालतं’ हा समज मुळात कडेच्या काडतुसांपुरताच उभा राहू शकतो. तिथेही तो पुरेसा नाही, हे पुढे दिसेल.

आता या घराण्याचा इतिहास. फ्रान्समधल्या फ्लोबेरने 1845 मध्ये दिवाणखान्यातल्या नेमबाजीसाठी कडेत मसाला असलेलं इवलंसं काडतूस केलं. स्मिथ अँड वेसनने 1857 मध्ये आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी .22 शॉर्ट आणलं. 1871 मध्ये .22 लाँग आलं आणि 1887 मध्ये स्टीव्हन्स कंपनीने .22 लाँग रायफल. एनसीसीच्या मैदानावर पालथं पडून कॅडेट जे झाडतो आणि ऑलिम्पिकच्या 50 मीटर रायफल प्रकारात जे वापरतात, ते हेच. या तिघांचा घेर एकच, लांबी मात्र चढती आहे. तिघांतही गोळीचं बूड थोडं निमुळतं करून तेवढंच पुंगळीत खोचलेलं असतं आणि गोळीचा बाहेरचा भाग पुंगळीइतकाच जाड असतो. हातात घेऊन नखाने तपासलं तर पितळावरून शिशावर जाताना नख फारसं अडत नाही. लाँग रायफलच्या चेंबरमध्ये शॉर्ट झाडता येतं ते यामुळेच. लांबी बदलली, घेर नाही.

1890 मध्ये विंचेस्टरने जॉन ब्राउनिंगच्या रचनेची एक पंप रायफल बाजारात आणली आणि तिच्यासाठी नवं काडतूस काढलं. तेच हे .22 डब्ल्यूआरएफ. यात जुनी पद्धत सोडून गोळी पूर्ण जाडीने पुंगळीच्या आत बसवली. साहजिकच पुंगळीला गोळीपेक्षा रुंद व्हावं लागलं. बाहेरचा घेर लाँग रायफलच्या सुमारे 5.7 मिलिमीटरवरून 6.1 मिलिमीटरच्या आसपास गेला. नखाची तीच परीक्षा इथे केली तर पुंगळीच्या तोंडाशी नख स्पष्ट अडतं, कारण पितळ संपतं आणि गोळी आत गेलेली असते. पुढे 1959 मध्ये विंचेस्टरनेच .22 मॅग्नम आणलं, ते याच पुंगळीचा घेर धरून तिची लांबी वाढवून. डब्ल्यूआरएफची पुंगळी सुमारे 24.5 मिलिमीटर, मॅग्नमची सुमारे 26.7. फरक जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा, पण तो मुद्दाम ठेवलेला. 1890 च्या धाटणीच्या जुन्या रायफलीत जोरदार मॅग्नम घुसायलाच नको, म्हणून ते लांब केलं. उलट दिशेने जुनं आखूड काडतूस नव्या चेंबरमध्ये अंगाला अंग लागून बसतं, कडेवर टेकतं आणि फुगायला त्याला जागाच राहत नाही. दाब तर मॅग्नमच्या आतलाच. ही जोडी चालते, कारण नवं चेंबर जुन्या काडतुसाच्या अंगावर बेतलेलं आहे. आखूडपणाचा त्यात वाटा आहे तो इतकाच, की तो आड येत नाही.

लाँग रायफल मॅग्नमच्या चेंबरमध्ये घातलं तर काय होतं? त्याची पुंगळी सुमारे 15.6 मिलिमीटर, आणि गोळीसकट अख्खं काडतूस 25.4. म्हणजे मॅग्नमच्या नुसत्या पुंगळीपेक्षाही ते आखूड. घेरात सुमारे 0.4 मिलिमीटरची ढिलाई. हाताला ती काडतूस आत घालताना जरा सैल लागल्यासारखी वाटते, एवढंच. पण पातळ पितळाला हे अंतर मोठं आहे. बार उडतो, पुंगळी लहान पिंपासारखी फुगते आणि बऱ्याचदा अंगालगत उभी चिरते. त्या चिरेतून तापलेला वायू आणि पितळाचे कण मागे, बोल्टकडे येतात, आणि नेम धरलेल्या माणसाचा चेहरा तिथून वीतभरही लांब नसतो. पुढच्या बाजूला गोळीची स्थितीही बरी नसते. चेंबरच्या रिकाम्या भागातून ती कशाचाही आधार न घेता सरकते, तिरकी होऊन नळीच्या आतल्या आट्यांत शिरते. अशा गोळीचा नेम लागण्याची अपेक्षाच करू नये.

इथे एक आकडा फार बोलका आहे. अमेरिकेतल्या काडतूस उत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेने ठरवलेली कमाल दाबाची मर्यादा लाँग रायफल आणि मॅग्नम या दोन्हींसाठी सारखीच आहे : दर चौरस इंचाला 24,000 पौंड. मॅग्नमचा वेग येतो तो जास्त दारूतून आणि ती जळायला मिळालेल्या जास्त जागेतून, जास्त दाबातून नव्हे. म्हणजे ‘लाँग रायफल दुबळं आहे, दणकट मॅग्नम रायफलीचं ते काय बिघडवणार’ हा युक्तिवाद पायातच चुकतो. रायफलीचं काही बिघडणार नाही, हे खरंच आहे. प्रश्न रायफलीच्या ताकदीचा नाही. पुंगळीला पाठीशी भिंत मिळते की नाही, इतकाच आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. लोकांनी मॅग्नममध्ये लाँग रायफल झाडलेलं आहे, काही झालं नाही, मग एवढी ओरड कशाला? असं झाडणारे असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना इजा झाली नसेल, हेही मान्य. पण इजा न होणं हा काडतूस जुळल्याचा पुरावा ठरत नाही. पुरावा पाहायचा तो बाहेर पडलेल्या पुंगळीवर. योग्य चेंबरमधून निघालेली पुंगळी सरळ असते, तिचा घेर बुडापासून तोंडापर्यंत जवळजवळ सारखा. ढिल्या चेंबरमधून निघालेली पुंगळी डोळ्यांना दिसेल इतकी फुगीर असते, आणि फाटली नसेल तर फाटण्याच्या बेतात आलेली असते. म्हणजे ‘काही झालं नाही’ म्हणणाऱ्याच्या पायाशी पडलेलं पितळ वेगळीच साक्ष देत असतं. रुगर कंपनीची ‘सिंगल सिक्स’ रिव्हॉल्व्हर दोन सिलिंडरांसह विकली जाते, एक लाँग रायफलचा आणि एक मॅग्नमचा. नळी एकच, सिलिंडर दोन. मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये लाँग रायफल चालत असतं, तर दुसरा सिलिंडर घडवण्याचा खर्च कारखान्याने कशासाठी केला असता? ‘सामी’ने धोकादायक जोड्यांची यादी प्रसिद्ध केली आहे, तिच्यात .22 मॅग्नमच्या चेंबरसमोर शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल ही तिन्ही नावं आहेत. अनुभवी माणसाच्या शब्दाला मान द्यावा, पण बंदुकीच्या बाबतीत आराखडा काढणाऱ्याचा शब्द त्याच्यावर असतो.

चालणाऱ्या जोडीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ‘चालतं’ आणि ‘चांगलं’ यांत अंतर आहे. मॅग्नममध्ये डब्ल्यूआरएफ झाडलं की त्याच्या पुंगळीच्या तोंडापुढे चेंबरचा सव्वादोन मिलिमीटरचा पट्टा उघडा राहतो आणि शिसं, मेण, काजळी त्या पट्ट्यावर थर धरत जाते. शेकडो बारांनंतर तिथे कडक कडं तयार होतं. मग पूर्ण लांबीचं मॅग्नम काडतूस आत जायला कुरकुरतं, गेलं तर पुंगळी बाहेर यायला अडते. पुंगळीचं तोंड त्या कड्यात आवळलं गेलं तर गोळी सुटायला विरोध होतो आणि दाब चढतो. म्हणून आखूड काडतूस झाडल्यावर चेंबर ब्रशने नीट साफ केल्याशिवाय लांब काडतूस घालू नये. नेमही बदलतो. वेग कमी असल्याने गोळी दुर्बिणीच्या जुन्या मापावर लागत नाही, खाली लागते. अर्धस्वयंचलित रायफलीत तर एवढ्या सौम्य बाराने बोल्ट पुरता मागेच येत नसल्याने पुढचं काडतूस चढत नाही.

अचूकतेचा प्रश्न ज्यांना खरोखर भिडतो त्यांनी आखूड-लांबचा खेळ कधीच फारसा खेळला नाही. 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूल या ऑलिम्पिक प्रकारात 2004 च्या अथेन्स स्पर्धेपर्यंत .22 शॉर्ट वापरलं जाई. धक्का कमी, म्हणून पुढच्या लक्ष्यावर हात लवकर येई. पण त्यासाठी नेमबाजांनी लाँग रायफलच्या पिस्तुलात शॉर्ट भरलं नाही, कारखान्यांनी खास शॉर्टच्याच चेंबरची पिस्तुलं घडवली. शॉर्ट लाँग रायफलच्या चेंबरमध्ये निर्धोक चालतं हे माहीत असूनही. आपल्याकडच्या कोल्हापूरने 50 मीटर रायफलीत जे मिळवलं तेही याच शिस्तीवर उभं आहे. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोन प्रकारात 600 पैकी 597 गुण मिळवून विजेतेपद घेतलं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांवर कांस्यपदक जिंकलं. या पातळीवरचे नेमबाज एकाच कारखान्याच्या, एकाच प्रकारच्या लाँग रायफल काडतुसांतूनही आपल्या नळीला कुठला लॉट मानवतो ते तपासून घेतात. चेंबर आणि काडतूस यांचं नातं किती बारीक असतं, हे त्यावरून समजावं.

दुसरा आक्षेप सोलापूरच्या वाचकाचा असेल, आणि तो रास्त आहे. इथे .22 मॅग्नम रायफल कुणाकडे आहे? डब्ल्यूआरएफ तर भारतात कुठल्या दुकानात मागायचं? मग या दूरच्या जोडीची एवढी चिकित्सा कशासाठी? उत्तर असं, की जोडी दूरची असली तरी चूक जवळची आहे. आपल्याकडे परवान्यावरची सर्वांत ओळखीची लहान शस्त्रं म्हणजे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .32 रिव्हॉल्व्हर आणि इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं .32 पिस्तूल. लोक दोन्हींना ‘बत्तीस बोअर’ म्हणतात. पण रिव्हॉल्व्हरचं काडतूस आहे .32 स्मिथ अँड वेसन लाँग, पुंगळी सुमारे 23 मिलिमीटर. पिस्तुलाचं आहे .32 एसीपी, पुंगळी सुमारे 17 मिलिमीटर. पिस्तुलाच्या काडतुसाला किंचित बाहेर आलेली कड असल्यामुळे ते अनेक रिव्हॉल्व्हरांच्या चेंबरमध्ये शिरतं आणि अडकून राहतं. घेरही जवळजवळ तोच. आता ‘आखूड म्हणजे सौम्य’ हा नियम इथे लावून पाहा. ‘सामी’च्या मापाप्रमाणे रिव्हॉल्व्हरच्या लांब काडतुसाची कमाल दाबमर्यादा 15,000 पौंड, आणि पिस्तुलाच्या आखूड काडतुसाची 20,500. आखूड काडतूस जास्त जोरकस आहे. ते आत शिरतं, घेरात जुळतं, कडेवर थोडंफार टिकतंही, आणि तरीही घालू नये, कारण रिव्हॉल्व्हर त्या दाबासाठी घडवलेलं नाही. मॅग्नमच्या उदाहरणात घेर चुकला होता, इथे दाब चुकतो. लांबीकडे बघून या दोन्ही चुका लक्षात येत नाहीत.

बारा बोअरमध्ये तर लांबीचा अडथळाच उरत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात खरी गरज इथे आहे. जुन्या इंग्रजी बनावटीच्या बारा बोअर बंदुकांची चेंबरं बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरच्या काडतुसांसाठी असत. पुढे 70 रूढ झालं आणि मॅग्नम म्हणून 76. छर्ऱ्याच्या काडतुसावर छापलेली लांबी ही बार उडाल्यानंतर उलगडलेल्या पुंगळीची असते. न उडालेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे 76 चं काडतूस 70 च्या चेंबरमध्ये सहज बसतं, बंदूक बंदही होते. बार उडाला की दुमड उलगडून पुढच्या अरुंद भागात घुसते, छर्ऱ्यांचा रस्ता आवळते आणि दाब मर्यादेबाहेर जातो. रिमफायरमध्ये कारखान्याने लांबी वाढवून चुकीचं काडतूस बाहेर ठेवलं. बारा बोअरमध्ये ती सोय नाही. इथे आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये खरोखरच निर्धोक आहे आणि लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये धोक्याचं, पण बंदूक स्वतः कुणालाच अडवत नाही. वीस बोअरची गोष्ट याहून वाईट आहे. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या चेंबरमधून पुढे घसरतं आणि नळी अरुंद होते तिथे कडेवर अडकून बसतं. वरून पाहिलं तर चेंबर रिकामंच दिसतं. कुणी बारा बोअरचं काडतूस त्याच्यामागे भरून चाप ओढला, तर नळी फुटते, आणि ती फुटते तिथेच डावा हात असतो. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगात काढण्याची पद्धत पडली.

हे गैरसमज इतके खोलवर का रुजलेले आहेत, याचं मला सुचणारं कारण असं. आपल्या शेतकऱ्याच्या हातात काडतुसाच्या बंदुकीआधी ठासणीची बंदूक होती. 1959 च्या शस्त्र अधिनियमातही पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. ठासणीत दारू किती घालायची, छर्रे किती, चिंधी किती दाबायची, हे सगळं झाडणाऱ्याच्या हातात असतं. कमी दारू म्हणजे सौम्य बार, हे तिथे अगदी खरं आहे. काडतूस आलं तेव्हा ते माप कारखान्यात गेलं आणि पुंगळीत बंद झालं. हाताला मात्र जुनीच समज राहिली, की लहान म्हणजे कमी आणि कमी म्हणजे निर्धोक. ठासणीच्या बंदुकीचं ज्ञान खोटं नव्हतं. ते दुसऱ्या यंत्राचं होतं.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि टंचाईचा, आणि तो सगळ्यांत प्रामाणिक आहे. काडतुसं महाग, परवान्यावर वर्षाला किती घ्यायची ते ठरलेलं, परदेशी शस्त्रांच्या खासगी आयातीवर 1980 च्या दशकापासून कडक निर्बंध. मग घरात पडलेलं जवळपासच्या मापाचं काडतूस माणूस वापरून पाहणारच. या ओढीची मला पूर्ण जाणीव आहे. आखूड काडतुसांचा सगळा इतिहासच तर काटकसरीचा आहे. एनसीसीने .22 निवडली ती त्याच कारणाने : धक्का कमी, आवाज कमी, बार स्वस्त, आणि छोट्या मैदानावरही सराव होतो. पण ही काटकसर त्या काडतुसासाठीच बनवलेल्या रायफलीतून केलेली आहे. ज्याला स्वस्तात सराव हवा त्याने लाँग रायफलची रायफल वापरावी, मॅग्नमच्या पोटात लाँग रायफल कोंबू नये. टंचाई हे चुकीच्या जोडीचं कारण होऊ शकतं, समर्थन नाही. कायद्याची बाजूही विसरता येत नाही. परवाना ठरावीक शस्त्राचा आणि त्याच्याच दारूगोळ्याचा असतो. शेजाऱ्याच्या परवान्यावरची काडतुसं आपल्या कपाटात असणं हाच गुन्हा ठरू शकतो, मग ती चेंबरमध्ये बसोत वा न बसोत. आणि जिल्ह्यात ज्या रानडुकरांपायी बंदुकीचा विषय निघतो, त्यांना मारण्यासाठीही वन खात्याची परवानगी लागते. काळविटांना तर हात लावायचा नाही.

सोलापूर जिल्ह्यात एक जास्तीची अडचण आहे, ती वारशाने आलेल्या शस्त्रांची. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालय पाहिलं तर एकाच घराण्यात किती तऱ्हांची शस्त्रं साठतात याची कल्पना येते. गावोगावच्या जुन्या वाड्यांत त्याचंच लहान रूप असतं : आजोबांची दुनळी, तिची निम्मी हरवलेली कागदपत्रं आणि डब्यात तीन वेगळ्या खोक्यांतली मूठभर काडतुसं. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते, पण डबा घरीच राहतो आणि त्यात काय आहे हे कुणीच पाहत नाही. अशा बंदुकीचं खरं जन्मपत्र तिच्या नळीच्या खालच्या अंगावर कोरलेलं असतं. पुढचा लाकडी भाग उतरवला की लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळ्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे, बारीक शिक्के दिसतात. बोअर तर तिथे असतोच, पुष्कळदा चेंबरची लांबीही असते. डब्यातल्या काडतुसांवरही ओळख असते. छर्ऱ्याच्या काडतुसाच्या अंगावर लांबी छापलेली असते आणि पुंगळीच्या बुडावर कारखान्याची खूण. ‘केएफ’ दिसलं तर ते 1869 पासून चालू असलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. हे दोन्ही मजकूर जुळले तरच काडतूस त्या बंदुकीचं. ज्याच्यावर काहीच वाचता येत नाही किंवा ज्याचं पितळ हिरवं पडलं आहे ते झाडून बघायचं नाही, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं.

या सगळ्यातून माझी एक मागणी उभी राहते. आज परवान्याच्या कागदावर आणि बोलण्यात शस्त्राची ओळख ‘.22’, ‘.32’, ‘12 बोअर’ एवढ्यावर संपते. ही नळीच्या छिद्राची ओळख झाली, चेंबरची नव्हे. वीस बोअरची गोष्ट सोडली तर वर पाहिलेली प्रत्येक धोक्याची जोडी या अपुऱ्या नावाच्या आडोशाने तयार होते. सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी परवाने देतात. नूतनीकरण आता पाच वर्षांनी होतं. त्या वेळी शस्त्र तपासणीला येतंच. तेवढ्या भेटीत चेंबरचं माप घेऊन काडतुसाचं पूर्ण नाव नोंदवता येईल : ‘.22 लाँग रायफल’ की ‘.22 विंचेस्टर मॅग्नम’, ‘.32 स्मिथ अँड वेसन लाँग’ की ‘.32 एसीपी’, ‘12 बोअर, चेंबर 65 मिमी’ की ‘70 मिमी’. यासाठी नवा कायदा लागणार नाही, कागदावरचा रकाना थोडा रुंद करावा लागेल. तो होईपर्यंत परवानाधारकाने हीच नोंद आपल्या हाताने एका चिठ्ठीवर करावी आणि ती काडतुसांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावी. चिठ्ठीत काय लिहायचं आणि माप कुणाकडून घ्यायचं, ते पहिल्या प्रकरणात आहे.